सुरावट वर, खर्ज खाली

१९७३ साली नॉर्मन ग्रँझनं आपल्या पाब्लो या नव्या कंपनीसाठी गिटारवादक जो पास याला स्टुडिओत एकट्याला बसवलं. ड्रम नाहीत, बेस नाही, पियानो नाही. एक गिटार आणि तो. 'व्हर्चुओसो' या नावानं निघालेल्या त्या ध्वनिमुद्रिकेत बारा रचना आहेत. एक ब्लूज त्याचा स्वतःचा, बाकीच्या अकरा जॅझ वाजवणाऱ्यांच्या नेहमीच्या ओळखीच्या. सुरुवात कोल पोर्टरच्या 'नाइट अँड डे'नं होते. ते ऐकून गिटार हातात घेतलेली माणसं जगभर आहेत, आणि तेच ऐकून हे आपलं काम नव्हे म्हणत गिटार खाली ठेवलेलीही.

खाली ठेवणाऱ्यांची समजूत अशी असते, की हा माणूस सुरावट, कॉर्ड आणि खर्ज तिन्ही सतत एकाच वेळी वाजवतो आहे. लक्ष देऊन ऐकलं तर तसं होत नाही. एखादं वाक्य कॉर्डसकट येतं. त्याचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच खालच्या तारांवर बेस चार पावलं चालून जातो. मग एकेरी सुरांची लांब धाव, आणि तिच्या टोकाला पुन्हा कॉर्ड. एक धागा सुटायच्या आत दुसरा उचललेला असतो, आणि सुटलेला धागा ऐकणाऱ्याचा कान आपणहून पुढे नेतो. एकल जॅझ गिटारचं सारं कसब या भासावर उभं आहे. हौशी वादकाला धीर देणारी गोष्टही हीच: कुठल्या क्षणी कुठला आवाज हवा एवढं ठरवता आलं, की चार बोटांत पुष्कळ मावतं.

वाद्याची अडचण खरी आहेच. पियानोवर दोन हात चालतात. गिटारवर सूर धरायला एका हाताची चार बोटं, आणि एका तारेवर एका वेळी एकच सूर. सुरावट वर गात राहिली पाहिजे, खाली कॉर्ड बदलत राहिली पाहिजे, आणि हात जागा बदलत असताना वरचा सूर तुटता कामा नये.

बहुतेकांची गाडी तर त्याच्याही आधी, कागद वाचतानाच अडते. जॅझची गाणी लीड शीटवर लिहिलेली असतात: एका ओळीत सुरावट, तिच्या डोक्यावर कॉर्डची नावं, बस. गिटारचं नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहायची प्रथा आहे. त्यामुळे लीड शीटवरचा सूर लिहिल्या जागी वाजवला की तो मधल्या तारांवर जाऊन बसतो. वरच्या तारा रिकाम्या राहतात आणि खाली कॉर्डला जागा उरत नाही. तीच चाल एक सप्तक वर नेली की ती पहिल्या-दुसऱ्या तारेवर येते आणि तिच्याखाली चार तारा मोकळ्या होतात. मग प्रश्न पट्टीचा. गायक आपल्या गळ्याची पट्टी शोधतो, गिटारवाल्यानं मोकळ्या तारांची शोधावी. खर्जाचे महत्त्वाचे सूर बोट न लावता मिळाले तर अर्धं काम झालं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे 'ऑटम लीव्हज'. मूळ गाणं फ्रेंच. हंगेरीत जन्मलेल्या जोझेफ कॉस्माची चाल, झाक प्रेव्हेरचे शब्द. १९४६ च्या एका फ्रेंच चित्रपटातून ते पुढे आलं आणि नंतर जॉनी मर्सरनं त्याला इंग्रजी शब्द दिले. जॅझचा बराचसा ठेवा असा चित्रपटांतून आणि ब्रॉडवेच्या नाटकांतून आलेला आहे. आपल्याकडे नाटकं मागे पडली आणि नाट्यपदं मैफलीत रुजली, तसाच हा प्रवास.

हे गाणं ई मायनरमध्ये घ्यावं. चालीतला पहिला लांब सूर सी, आणि त्याच्याखाली ए मायनर सेव्हन. सी हा त्या कॉर्डचा तिसरा सूर. कॉर्ड मायनर की मेजर हे ज्याच्यावर ठरतं तोच. तो सुरावटीनं आधीच गायलेला आहे. मग वादकानं भरायचं काय उरतं? मूळ सूर ए आणि सातवा सूर जी. ए पाचव्या तारेवर मोकळा मिळतो. जी दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर आहे आणि सी पहिल्या तारेच्या आठव्याच फ्रेटवर. दोन्ही तारांवर एक बोट आडवं टाकलं की कॉर्ड पुरी होते. पुढची कॉर्ड डी सेव्हन. सी जागचा हलत नाही, पण आता तो या नव्या कॉर्डचा सातवा सूर झालेला असतो. जी एक फ्रेट खाली सरकून एफ शार्प होतो आणि चौथी तार मोकळी छेडली की खर्जाला डी येतो. नंतरचे डी, ई, एफ शार्प हे चालीचे सूर घ्यायला हात खाली न्यावा लागतो. तेवढ्या वेळात मोकळी चौथी तार घुमत राहते, म्हणून धावपळ होत नाही. मग जी मेजर सेव्हन. चाल बी वर पोचते, म्हणजे पुन्हा तिसऱ्या सुरावर. सोबतीला दुसऱ्या तारेवर एफ शार्प आणि खर्जाला तिसरी तार मोकळी. पुढे सी मेजर सेव्हन आली की तोच बी पुन्हा सातवा सूर होतो.

एक सूर जागा न सोडता नातं बदलतो आणि त्याचा रंग पालटतो. कॉर्डचे पाच-पाच, सहा-सहा सुरांचे आकार पाठ करून थकलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा कळतं, की चाल काय गाते आहे ते ओळखलं की भर घालायची फारशी उरतच नाही.

गिटारवादक लेनी ब्रोनं हे तत्त्व फार उंचीवर नेलं. त्याचे आईवडील कंट्री संगीताचे कलाकार. चेट अ‍ॅटकिन्सची अंगठ्यानं खर्ज सांभाळायची रीत त्यानं पोरवयात उचलली. पुढे बिल इव्हान्सचा पियानो कानावर पडला आणि तिसरा व सातवा, अशा दोनच सुरांच्या आधारावर वरची सुरावट मोकळी खेळवायला तो शिकला. १९८४ मध्ये तो गेला, तेव्हा जेमतेम ४३ वर्षांचा होता. जॉर्ज व्हॅन एप्सची वाट वेगळी. त्याला खर्जाला सहा तारा अपुऱ्या वाटल्या, म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं एपिफोनकडून सात तारांची गिटार करवून घेतली आणि जास्तीची तार खालच्या ए ला लावली. 'हार्मोनिक मेकॅनिझम्स फॉर गिटार' हे त्याचे तीन खंड म्हणजे बोटांच्या स्वातंत्र्याचा संपूर्ण अभ्यासक्रम आहे. नोकरी-संसार सांभाळून वाजवणाऱ्यानं मात्र त्यापासून सुरुवात करू नये. आधी गाणं हवं, व्यायाम गाण्याच्या गरजेनुसार.

हौशी वादकांचा खरा गुरू म्हणावा तो टेड ग्रीन. १९७१ मध्ये त्याचं 'कॉर्ड केमिस्ट्री' आलं तेव्हा तो पंचविशीच्या आत-बाहेर होता. स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका त्यानं आयुष्यात एकच काढली, १९७७ ची 'सोलो गिटार'. उरलेलं आयुष्य लॉस एंजेलिस परिसरात शिकवण्यात गेलं. विद्यार्थ्यांना तो हातानं लिहिलेले कागद द्यायचा. त्यावर कॉर्डच्या चौकटी असत आणि एकाच चौकटीत क्रम दाखवलेला असे: ठिपका असलेले सूर आधी, फुली असलेले नंतर, मग चौकोन, मग त्रिकोण. कॉर्ड म्हणजे गोठलेला आकार नसून तिच्या आतही हालचाल असते, हे या साध्या खुणांतून विद्यार्थ्याच्या बोटांत उतरायचं. २००५ मध्ये त्याचं निधन झाल्यावर त्याच्या सुहृदांनी आणि शिष्यांनी ते कागद जपले, म्हणून ते आज शिकणाऱ्याच्या हाती येतात.

मुंबई-गोव्याला हे संगीत परकं नाही. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी मुंबईचे बँड आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डि'सिल्व्हा लंडनला गेला आणि १९६९ मध्ये त्यानं 'इंटिग्रेशन' ही ध्वनिमुद्रिका केली. मात्र चर्चच्या गायनात चार आवाज ऐकत वाढलेला कान वेगळा आणि तानपुऱ्यावर एकच सुरावट ऐकत वाढलेला कान वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या कानाला कॉर्डची चाल आपोआप ऐकू येत नाही. त्यावर एक उपाय हमखास लागू पडतो: गाण्याचा बेस गाऊन पाठ करायचा. चाल गिटारवर वाजवायची आणि खर्ज तोंडानं गायचा, मग उलट करायचं. ज्याला दोन्ही गाता येतात त्याची मांडणी कच्ची असली तरी खोटी नसते. इंग्लंडचा मार्टिन टेलरही विद्यार्थ्यांना कॉर्डचे आकार बाजूला ठेवून आधी सुरावट आणि बेस या दोनच रेघा वाजवायला लावतो, मधले आवाज त्यानंतर.

इथपर्यंतचं एकट्यानं जमतं. पुढचं रेकॉर्डिंगशिवाय जमत नाही.

वाजवणाऱ्याला वाजवताना जे ऐकू येतं, त्यात त्याच्या मनातलं गाणं मिसळलेलं असतं. ध्वनिमुद्रणात ते मिसळत नाही. पहिल्यांदा ऐकताना लक्षात येतं, की सुरावट कॉर्डच्या गर्दीत बुडते आहे. मग अनामिकेला वरची तार जरा जोरात छेडायची सवय लावावी लागते. खर्जाचा सूर पूर्ण मात्रा न राहता हात उचलला की मरतो. सोप्या जागी लय पळते आणि अवघड कॉर्डच्या आधी अर्धा श्वास थबकते. वाजवताना ते थबकणं भावपूर्ण वाटलेलं असतं. लय मोकळी सोडून वाजवणं ही जॅझ गिटारची देखणी रीत आहे, पण ती निवडलेली हवी. म्हणून तोच तुकडा एकदा मेट्रोनोमबरोबर, त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरून रेकॉर्ड करावा. तिथे जमला, की मोकळ्या लयीचा हक्क मिळतो.

तांत्रिक बाजू थोडकी आहे. अकुस्टिक गिटार असेल तर माइक मधल्या भोकासमोर नको, तिथे खर्ज फुगतो. बाराव्या फ्रेटच्या आसपास, फूटभर अंतरावर ठेवावा. इलेक्ट्रिक असेल तर सरळ इंटरफेसमध्ये वायर जोडावी. तारांवरून बोटं सरकल्याची चरचर फार येत असेल तर फ्लॅटवाउंड तारा लावाव्यात. फोनवरचं रेकॉर्डिंगही शिकण्यापुरतं उत्तम असतं. तुकडे जोडून निर्दोष टेक तयार करणं मात्र हौशी वादकानं टाळावं. दोन तुकड्यांच्या सांध्यावरच त्याचा अभ्यास बाकी असतो, आणि जोडकाम नेमकं तेच झाकतं. गाणं आखूड करा, लय उतरवा, पण एका दमात वाजवा.

आणि मग ते कुणीतरी ऐकायला हवं. इथे सहवादकांची खरी गरज लागते. एक गाणं ठरवायचं, एक तारीख ठरवायची, प्रत्येकानं आपली मांडणी करून रेकॉर्ड करायची आणि सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायची. चारजणांनी एकच 'ऑटम लीव्हज' वाजवलं तर कळतं की चाल सोडून काहीच ठरलेलं नव्हतं. एक जण ते बोसानोव्हाच्या अंगानं नेतो. दुसरा डी सेव्हनच्या जागी ए फ्लॅट सेव्हन घालतो: दोन्ही कॉर्डमध्ये सी आणि एफ शार्प सामाईक असतात, म्हणून वरचं सगळं तसंच राहतं आणि बेस ए, ए फ्लॅट, जी असा अर्ध्या-अर्ध्या पावलानं उतरतो. तिसरा चाल आणि बेस एवढंच वाजवतो, आणि कित्येकदा त्याचंच सगळ्यांना आवडतं.

बरोबरीच्या माणसाची सूचना वेगळ्या मोलाची असते. थोर वादकाला आपली बोटं एका सांध्यावर कशी अडखळत होती ते आठवत नाही. शेजारी बसलेल्यानं मात्र तोच सांधा नुकताच सोडवलेला असतो. करंगळी आधी ठेव, मग बाकीचा हात आण, एवढं तो सांगतो आणि कोंडी फुटते. अशा बैठकीत एक शिस्त पाळावी. 'छान' म्हणून सोडून देऊ नये आणि दोषांची यादीही वाचू नये. कितव्या बारमध्ये सुरावट हरवली, किंवा कुठली जागा मनात राहिली, असं एकच नेमकं सांगावं. तारीख पाळण्याचा फायदा तर निर्विवाद आहे, कारण एकट्याची मांडणी वर्षानुवर्षं 'होत आली' अशीच राहते. दुसऱ्याच्या मांडण्या उतरवून वाजवणं हा अभ्यास आहे आणि तो करावाच. पण स्वतः केलेलं, अखेरपर्यंत नेलेलं आणि दुसऱ्यांना ऐकवलेलं बत्तीस बारचं एक साधं आवर्तन वादकाला त्याहून पुढे नेतं.

ज्यांच्या घरी गिटार आहे आणि ओळखीत दोघे-तिघे वाजवणारे आहेत, त्यांनी वाट पाहू नये. 'ऑटम लीव्हज'नं सुरुवात करावी, तीन सुरांच्या वर जाऊ नये, महिन्याची मुदत घ्यावी. ते झालं की जेरोम कर्नचं १९३९ चं 'ऑल द थिंग्ज यू आर' घ्यावं. पट्ट्या बदलत असल्यानं ते अवघड म्हणून ओळखलं जातं, पण त्याच्याही चालीतले मुख्य सूर बहुतेक जागी खालच्या कॉर्डचे तिसरेच सूर आहेत.