चमच्यामागचा शिक्का

वसई-विरारची ओळख आज लोकल गाड्यांच्या गर्दीने होते. पण या पट्ट्यात जरा थांबून फिरले, तर दुसरीच गोष्ट दिसते. इथली जमीन शिक्क्यांची आहे. कोणी नाण्यावर नाव उठवले, कोणी घंटेवर साल ओतले, कोणी थडग्याच्या दगडावर अक्षरे कोरली. माणसे गेली, शिक्के बोलत राहिले. यंदा सुट्टीत नालासोपाऱ्याहून वसई गावापर्यंत फिरताना हे मनात होते. शेवटी एका घरात चांदीचे चमचे पाहिले आणि शिक्का वाचता येणे किती उपयोगाचे असते, ते नीट उमगले.

सुरुवात सोपाऱ्यापासून. अरब भूगोलकारांच्या लिखाणात हे बंदर ‘सुबारा’ या नावाने येते. इथल्या बुरूड राजाच्या कोटात, म्हणजे बौद्ध स्तूपात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनन केले. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा आणि त्याच्या पोटात एकात एक बसवलेले लहान करंडे होते, त्यांतला एक चांदीचा. स्तूपात सापडलेल्या वस्तूंत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते. करंड्यावर साल नव्हते, पण नाण्यावर राजाचे नाव होते. तेवढ्या आधारावर अभ्यासकांना काळाचा अंदाज बांधता आला.

तिथून वसईच्या किल्ल्यात. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्याकडे राहिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकून घेतली. पडक्या चर्चमध्ये थडग्यांचे दगड अजून जमिनीत बसवलेले आहेत. घंटा मात्र जागेवर नाहीत. विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी त्या नेल्या. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात दुसरी, तिच्यावर १७२१. जागा बदलली, मालक बदलले, पण घंटेवरचे साल कोणाला बदलता आले नाही.

किल्ल्यातून पारनाक्याकडे परतलो. तिथे ओळखीच्या एका घरी चहाला बोलावले होते. घरात वाटणीचा विषय चालू होता. या घरातले आजोबा जहाजावर बटलर होते. युरोपातल्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी मखमली खणांचा एक डबा आणला होता. त्यात आठ चमचे आणि आठ काटे. वारसांच्या संमतीने डबा दोन मुलींना द्यायचे ठरले होते. हिशेब सोपा वाटत होता: मोठ्या बहिणीने चमचे घ्यावेत, धाकटीने काटे. आठाला आठ, भांडण नको. सगळे दिसायला सारखेच काळवंडलेले होते.

मला उगाच शंका आली. शेजारच्या सराफाकडून भिंग मागवले आणि चमचा उलटा केला.

फ्रान्समध्ये बनलेल्या चांदीच्या चमच्याच्या देठामागे सहसा दोन ठसे असतात. एक सरकारचा, दुसरा कारागिराचा. सरकारी ठशात शिरस्त्राण घातलेल्या स्त्रीचा चेहरा असतो. ती रोमन लोकांची देवी मिनर्व्हा. १८३८ पासून फ्रान्समध्ये हा ठसा चालू आहे. चेहऱ्याभोवतीची चौकट आठ बाजूंची आणि कपाळासमोर १ हा आकडा असेल, तर जुन्या मालात हजारात ९५० भाग शुद्ध चांदी. हनुवटीखाली २ असेल, तर ८०० भाग. कारागिराचा ठसा आपल्या शंकरपाळीच्या आकाराचा असतो. आत त्याच्या नावाची आद्याक्षरे आणि एक लहानसे चिन्ह असते. फ्रान्समध्ये हे ठसे दफ्तरी नोंदवावे लागत. म्हणून अक्षरे शाबूत असली, तर कारागीर कोण आणि त्याने कोणत्या वर्षांत काम केले, हे शोधता येते.

मिनर्व्हाच्या जागी कोंबडा दिसला, तर माल आणखी जुना, १७९८ ते १८१९ च्या दरम्यानचा. दाढीवाल्या म्हाताऱ्याचा चेहरा दिसला, तर १८१९ ते १८३८ मधला. आणखी एक गमतीची गोष्ट. १८१९ पासून शिक्का मारताना वस्तूखाली जी ऐरण ठेवत, तिच्यावर किड्यांची अतिबारीक चित्रे कोरलेली असत. वरून घाव बसला की खालच्या बाजूला किड्याची छाप उमटे. नकली शिक्का मारणाऱ्याला ही दुसरी बाजू साधणे अवघड जाई.

त्या घरातल्या आठही चमच्यांवर मिनर्व्हा होती, कपाळासमोर १ होता आणि बाजूला शंकरपाळी. आतली अक्षरे घासून गेली होती. म्हणजे एवढेच खात्रीने म्हणता आले: फ्रान्सची चांदी, ९५० शुद्धतेची, १८३८ नंतरची. तो ठसा आजही वापरात असल्याने, केवळ मिनर्व्हा पाहून ‘दीडशे वर्षांपूर्वीचा माल’ म्हणणे योग्य नाही.

मग काटा उलटा केला. मिनर्व्हा नाही, शंकरपाळी नाही. साधा चौकोनी ठसा आणि जवळ ८४ हा आकडा. फ्रान्समध्ये चौकोनी ठसा मुलाम्याच्या मालावर मारतात. आणि ८४ म्हणजे शुद्धता नव्हे. बारा चमचे आणि बारा काटे, अशा चोवीस नगांवर मिळून ८४ ग्रॅम चांदी चढवली आहे, असा त्याचा अर्थ. नगामागे साडेतीन ग्रॅम. पॅरिसच्या क्रिस्तोफ्ल या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून असा विजेच्या साहाय्याने मुलामा दिलेला माल जगभर पोहोचवला. तीच कंपनी भरीव चांदीचे कामही करी. सोपाऱ्याचा स्तूप उकरला गेला त्याच १८८२ साली बहावलपूरच्या नवाबांसाठी तिने सुमारे २९० किलो चांदीचा पलंग केला होता. म्हणून नाव मोठे आहे एवढ्यावर जाऊ नये, चौकटीचा आकार पाहावा.

सराफाने तराजू आणला. आठ चमचे भरले ६२० ग्रॅम. आठ काट्यांवर मिळून चांदी अवघी २८ ग्रॅम, तीही घासून कमी झालेली. आठाला आठ या वाटणीत एकीला अर्ध्या किलोहून जास्त चांदी आणि दुसरीला जवळपास नुसता धातू मिळणार होता. कोणाच्या मनात खोट नव्हती. शिक्का कोणी वाचला नव्हता, एवढेच. दोघींनी तिथल्या तिथे चार चमचे आणि चार काटे असे वाटून घेतले. धाकटी हसून म्हणाली, “अम्मी असती तर तिनेही असेच केले असते.”

मग जकातीचा प्रश्न निघाला. सोन्याचांदीच्या भांड्यांत खाणेपिणे आपल्याकडे मना आहे, त्यामुळे हे चमचे दस्तरखानावर यायचे नाहीत. पण पेटीत पडून असले तरी ती चांदीच आहे आणि तिचा हिशेब लागतो. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम. इथे शिक्क्यावरचा आकडा कामाला येतो. हनफी मतानुसार ज्या मिश्रणात चांदी जास्त, ते सगळे चांदीच धरतात. मग ६२० ग्रॅम एकाच मालकाचे असतील आणि वर्ष उलटले असेल, तर निसाब पुरा होतो आणि अडीच टक्क्यांनी साडेपंधरा ग्रॅम चांदीची किंमत द्यायची. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्या मतानुसार फक्त शुद्ध चांदी मोजतात. ६२० चे ९५ टक्के म्हणजे ५८९ ग्रॅम, निसाबाला कमी. डबा एकच, हिशेब दोन. आता वाटणी झाल्यावर प्रत्येकीकडे ३१० ग्रॅम आले. ते आपापल्या रोकड-दागिन्यांबरोबर कसे धरायचे, हे आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारावे. मात्र विचारायला जाताना वजन आणि शुद्धता, दोन्ही लिहून न्यावीत.

आपल्या देशातही आता शिक्का वाचण्याची सोय आहे. सोन्यावर हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. दागिन्यावर बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तो क्रमांक टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. चांदीसाठी असा क्रमांक १ सप्टेंबर २०२५ पासून आला, पण तो ऐच्छिक आहे. म्हणून चांदी घेताना ग्राहकानेच मागून घ्यावा.

कपाटातल्या जुन्या चांदीचा डबा रमजानच्या हिशेबाआधी एकदा उघडा. राखेने किंवा पावडरने घासू नका, ठसे झिजतात. मऊ कापडाने पुसा, उजेडात भिंग धरा, मुलांना शेजारी बसवा. कोणत्या ठशाखाली किती वजन, हे वहीत लिहून ठेवा. वस्तू मोडीत घालायची असली, तरी आधी एवढे करा. एकदा गाळली की शिक्का गेला, आणि मग ती कुठली, कधीची, कोणाच्या हातची, हे कोणीच सांगू शकणार नाही.