निकाल लागेपर्यंतची मराठी

शहापूरच्या खडेबाजारात साडीचा भाव मराठीत ठरतो, गिऱ्हाईक धारवाडकडचं निघालं तर दुकानदार त्याच दमात कन्नडवर येतो, आणि दोघांनाही त्यात वावगं वाटत नाही. बेळगावात मराठी मरायला टेकली असं म्हणणाऱ्यांना हा बाजार खोटं पाडतो. बोलण्यातली मराठी इथं धडधाकट आहे, ‘बघ की’, ‘ये की’ असं कन्नड वळण घेऊनसुद्धा. मला काळजी आहे ती लिहिलेल्या मराठीची. २०२४ च्या कायदादुरुस्तीनं दुकानाच्या पाटीवरची ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. उरलेल्यात आधी इंग्रजी बसते, मग जमलंच तर मराठी. हे सगळ्यात बोचतं ते घरात कुणी गेल्यावर. निधनवार्ता मराठी दैनिकात येते, रक्षाविसर्जनाची वेळही त्यातच. मृत्यूचा दाखला मात्र कन्नड-इंग्रजीत, आणि येळ्ळूरच्या एखाद्या शेतकऱ्यामागं वारसांची नावं चढवायची तर उताराही कन्नडमध्ये. नाव बरोबर लागलं का, गुंठे किती, बोजा कुणाचा, हे दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. बापाच्या जमिनीचा कागद ज्याला स्वतः वाचता येत नाही, त्याला भाषेचं स्वातंत्र्य आहे असं मी म्हणणार नाही.

१७ जानेवारी १९५६ ला सीमाभागात गोळीबारात माणसं गेली, १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध पुन्हा बळी गेले. दरवर्षी हुतात्म्यांना अभिवादन होतं, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला जातो, आणि तो पाळलाच पाहिजे. पण १९५६ साली जे विशीत होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत, आणि सीमाभागावरचा महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात अजून उभाच आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की वाचता येणाऱ्या मराठीचा हक्क त्या निकालाच्या दावणीला बांधू नये. यावर लगेच विचारतात, अल्पसंख्याक म्हणून हक्क मागितले की कर्नाटकात राहणं कबूल केल्यासारखं नाही का? मला हे पटत नाही. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक, तिथं नियम आणि नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्र आणि राज्यांमध्ये कधीच ठरलेलं आहे. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समितीही परिपत्रकं मराठीत मागतेच. तेवढ्यानं तिचा सीमेवरचा हक्क सुटला नाही.

राज्याला एक कारभाराची भाषा नको का, हा प्रश्न रास्त आहे. पण कन्नड पुसा असं इथं कोण म्हणतंय? शेजारी मराठी छापा, एवढंच. आणि हो, अक्कलकोट-जतच्या कन्नड माणसालाही महाराष्ट्रानं हेच द्यायला हवं. हे म्हणताना ज्याची जीभ अडखळते त्याचा बेळगावबद्दलचा युक्तिवाद लंगडा पडतो. खरी पंचाईत करणारा आक्षेप वेगळाच आहे: मराठी आईबापच पोरांना इंग्रजी शाळेत घालतात, मग सरकारला बोल का लावायचा? याला माझ्याकडं पळवाट नाही. शिक्षणाचं माध्यम निवडणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येतं, सरकार मातृभाषेचीही सक्ती करू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये दिला, तोही कर्नाटकाच्याच भाषाधोरणावर. फायदा इंग्रजी शाळांना झाला. मराठी निवडणाऱ्याच्या पाठीशीही तोच निकाल आहे, पण आधी कुणी निवडायला तर हवी. पोरगं मराठी वाचायलाच शिकलं नाही आणि उद्या तहसीलदारानं खरोखर मराठी उतारा हातात ठेवला, तर तो वाचणार कोण, याचा जाब कुठल्याच सरकारला विचारता येणार नाही.