पेव

मंगळवेढ्याच्या माणसाला परगावी आपले गाव सांगताना दामाजींचे नाव घ्यावेच लागते. त्याखेरीज समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटत नाही. पंढरपूरच्या आग्नेयेस पंचवीसेक किलोमीटरवरचे हे गाव सेमिनरीत दाखल झाल्यापासून माझ्या वाट्याला आले ते सणासुदीचे, दोन रात्रींपुरते. यंदाच्या जानेवारीत मात्र सलग नऊ दिवस राहण्याचा योग आला. आईच्या पश्चात आमच्या पाच एकर रानाचे हक्कसोडपत्र धाकट्या भावाच्या नावे करून द्यायचे होते. कागद तयार होईपर्यंतच्या सवडीत मी पायी हिंडलो.

पहिल्या सकाळी रानात गेलो. काळ्या मातीला बोट शिरेल एवढ्या भेगा पडलेल्या आणि त्यातून डोक्याच्या वर गेलेली मालदांडी ज्वारी उभी. परतीच्या पावसावर पेरायची, मग आभाळाकडे पाहायचे नाही. मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर ती कणसाला येते. आमच्या या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे मला अप्रूप आहे. पण आमच्या आईला तिची पारख भाकरीवरून होती. दुसऱ्या दिवशीही मऊ राहते ती मंगळवेढ्याची, एवढेच ती म्हणे.

याच आईने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो रांधला. ज्वारीच्या कोठारात परमुलखाची ज्वारी! त्या भाकरीविषयी ती कधी वाईट बोलली नाही. मात्र घरात मूठभर दाणे सांडले तरी ती शेवटचा दाणा वेचल्याशिवाय उठत नसे.

गावातल्या एका जुन्या वाड्यात वृद्ध मालकांनी मला बुजवलेल्या पेवाची जागा दाखवली. तरुण वाचकांसाठी सांगतो : पेव म्हणजे तोंडाशी अरुंद व पोटात रुंद असा, जमिनीत खोदलेला धान्याचा खड्डा. आत कडब्याचे अस्तर लावून ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, कारण कोंडलेली हवा जीव घेई. आधी दिवा सोडून पाहत. ('पेव फुटणे' हा शब्दप्रयोग आपण हल्ली क्लासेस आणि पतसंस्थांसाठी राखून ठेवला आहे.)

त्या जागेवर उभा असता दामाजीपंत मला नव्याने दिसले. पंधराव्या शतकातील दुष्काळात बिदरच्या सुलतानाच्या या अधिकाऱ्याने सरकारी धान्य भुकेल्यांना वाटले आणि विठ्ठलाने विठू महार होऊन त्याची किंमत बिदरला भरली, ही कथा मला लहानपणापासून पाठ होती. आम्हा ख्रिस्ती वाचकांना अशा वेळी मिसरातला योसेफ आठवतो. पण उत्पत्तीचे पुस्तक नीट वाचावे. योसेफाने फारोच्या अधिकाराने धान्य साठवले व विकले आणि अखेरीस लोकांची गुरे व जमिनी फारोच्या झाल्या. पंतांजवळ ना परवानगी होती, ना किंमत घेण्याची इच्छा. व्यवस्थापक म्हणून योसेफ मोठा खरा. माझे मन मात्र आमच्या पंतांकडे झुकते.

बसवेश्वरांचे येथील वास्तव्य, कान्होपात्रेचे माहेर, यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी थबकलो तो चोखोबांपाशी. १३३८ साली गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांसह चोखामेळा तिच्याखाली गाडला गेला. नामदेव आले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरपुरास नेल्या. ज्या अस्थी बोलल्या नाहीत त्यांचे काय झाले, हे कथा सांगत नाही. ज्या गावाने एका अधिकाऱ्याला कोठार उघडायला लावले, त्याच गावाचे कूस अशा माणसांच्या हातून उभे राहत होते ज्यांना त्याच्या आत घर नव्हते. दोन्ही गोष्टी मंगळवेढ्याच्याच आहेत. मृतांसाठी मिस्सा अर्पण करताना हल्ली त्या मजुरांचे स्मरण होते.

सातव्या दिवशी भावाने विषय काढला. "अण्णा, ज्वारी उपटायला माणूस मिळंना बघा. मजुरी जाऊन हातात काय उरतंय? औंदा मका करावी म्हणतोय. तुमचं काय म्हणणं?"

आईच्या भाकरीचे नाव माझ्या ओठांवर आले होते. पण मालदांडी मुळासकट उपटून काढताना कंबर मोडते ती त्याची आणि भावजयीची. माझी भाकरी माझ्या धर्मग्रामात कोणीतरी ताटात वाढून देते. मी कोणतीही अट न घालता सही केली.

कचेरीतून परतताना तोच म्हणाला, "एक एकर ठेवतो. घरच्या खाण्यापुरती. कडबाबी लागतोय जनावरांना."

निघण्याच्या दिवशी भावजयीने दहा किलो ज्वारी पिशवीत बांधून दिली. गेल्या सालची होती. यंदाची अजून रानात उभी होती. एसटीच्या कंडक्टरने पिशवी पायाने सरकवून पाहिली आणि विचारले, "मंगळवेढ्याची का?"