कान वाजतात

उर्दूत 'कान बजना' असा एक वाक्प्रचार आहे. नसलेले काहीतरी ऐकू येणे, भास होणे, असा त्याचा अर्थ. कुणी दार वाजल्याचे सांगितले आणि दाराशी कोणी नसले की घरातले म्हणतात, 'तुम्हारे कान बज रहे हैं.' म्हणजे सोडून द्या, मनावर घेऊ नका. या वाक्प्रचारामुळे एक पंचाईत होऊन बसली आहे. ज्याचे कान खरोखरच वाजतात त्याने आपले दुखणे सांगावे कोणत्या शब्दांत? 'हमारे कान बजते हैं' म्हटले की ऐकणारा हसतो आणि विषय तिथेच संपतो.

आमचे कान एप्रिल २०२० पासून वाजत आहेत. आमचे म्हणजे एकट्याचेच. 'आम्ही' हा शब्द वाचून वाचकांनी काही थाट समजू नये. १८५७च्या उठावानंतर जी विणकर कुटुंबे उत्तरेतून मालेगावात, मोसम नदीच्या काठी येऊन राहिली, त्यांतले आमचे घराणे. आमच्या बोलीत 'मैं' नाही, 'हम' आहे. चार वर्षांचे पोरही 'हम नहीं खाएँगे' म्हणते. आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात मराठी शिकवतो, मराठीत लिहितो, पण ही सवय सुटली नाही. शिवाय या विषयात 'मी' म्हणणे पूर्ण खरेही ठरणार नाही. ते पुढे येईलच.

मालेगावात यंत्रमाग लाखाहून जास्त आहेत. गावाबाहेरचा माणूस पहिल्यांदा आमच्या मोहल्ल्यात आला की विचारतो, 'इथे झोप लागते तरी कशी?' आम्हाला प्रश्नच कळत नाही. आमचा जन्म ज्या घरात झाला त्याची मागची भिंत कारखान्याची. पाळण्यात होतो तेव्हापासून धोट्याची खटखट कानावर आहे. अभ्यास तिच्यात केला, बी.एड.चे पाठ तिच्यात काढले, लग्नानंतर पहिली भांडणेही तिच्यातच झाली. ती बंद पडायची फक्त शुक्रवारी, आणि ईदच्या दिवसांत.

मार्च २०२०च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि सगळे माग एकदम थांबले. एक दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे. मालेगावात साथीने थैमान घातले होते. रोज कुणाची ना कुणाची बातमी यायची. रमजान आला, पण मशिदीत जमात नव्हती. अशाच एका रात्री सहरीला उठलो तेव्हा कानात एक बारीक, उंच, अखंड सूर ऐकू आला. जुना टीव्ही चालू ठेवून आवाज बंद केला की जशी शिट्टी यायची, तशी. आधी वाटले फ्रिजचा आवाज असेल. फ्रिज बंद केला. मग मीटरपाशी जाऊन कान लावला. मग गच्चीवर गेलो. सूर आमच्याबरोबर गच्चीवर आला.

अम्मी म्हणाली, दरूद पढ. कान वाजला की दरूद पढायची आमच्याकडे जुनी रीत आहे. जाणकार मौलाना सांगतात की तिच्यामागची रिवायत कमजोर आहे, पण रीत टिकून आहे. आम्ही दरूद पढलो. मनाला बरे वाटले, सूर मात्र होता तिथेच राहिला. शेजारच्या खालांनी मोहरीच्या तेलात लसूण तळून ते कोमट तेल कानात घालायला सांगितले. आमच्या बेगमने साफ नकार दिला, त्याबद्दल आम्ही तिचे आभारी आहोत. पडद्याला भोक असले तर अशा तेलाने भलतेच होऊन बसते, हे नंतर डॉक्टरांकडून कळले. एका ओळखीच्या हकीमसाहेबांनी मात्र धीर दिला. ते म्हणाले, 'मियाँ, यह नई चीज़ नहीं.' युनानीत याला 'तनीन' आणि 'दवी' असे दोन शब्द आहेत. घंटेसारखा किंवा शिट्टीसारखा बारीक आवाज तो तनीन, मधमाश्यांसारखी गुणगुण ती दवी. इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये त्याची चर्चा आहे. सुश्रुतसंहितेतही 'कर्णनाद' आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या दुखण्याला नाव देऊन ठेवले आहे, हे ऐकून त्या रात्री जरा झोप लागली. नाव नसलेल्या दुखण्याची भीती जास्त असते.

तरी आमची खरी अडचण सूर ही नव्हतीच. ती कळली ऑक्टोबर २०२१ मध्ये, शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा. सगळ्या पोरांच्या तोंडावर मास्क. आम्ही प्रकट वाचन घेत होतो. एक मुलगा 'शाळा' म्हणाला की 'साळा', ते आम्हाला कळेना. त्याला पुन्हा म्हणायला लावले. तिसऱ्यांदा लावले. वर्ग हसू लागला, मुलगा रडवेला झाला. त्या दिवशी लक्षात आले की इतकी वर्षे आम्ही निम्मे कानांनी आणि निम्मे डोळ्यांनी ऐकत होतो. ओठ झाकले गेले आणि निम्मे ऐकणे गेले.

उर्दूत ज्याचे उच्चार शुद्ध त्याचे 'शीन-क़ाफ़ दुरुस्त' आहेत असे म्हणतात. आमचे सारे शिक्षण शीन-क़ाफ़वर झालेले. मराठीच्या तासालाही आम्ही 'श' आणि 'स'वर अडून बसायचो. तोंडी परीक्षेत उच्चाराचे गुण कापायचो. आता ज्याला स्वतःलाच 'श' आणि 'स' वेगळे ऐकू येत नाहीत, त्याने मुलाचे गुण कोणत्या तोंडाने कापावेत?

नाशिकला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणी मोठी गमतीची. एका बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. आमच्या कानात आधीच शिट्टी चालू. यंत्राची कोणती आणि आमची कोणती? पहिल्या फेरीत आम्ही इतक्या वेळा बटण दाबले की तपासणाऱ्या बाईंनी दार उघडून विचारले, 'सर, काय ऐकताय?' मग त्यांनी तुटक-तुटक सूर लावले. तो थांबून थांबून यायचा, आमचा थांबत नव्हता, त्यामुळे फरक कळला.

कागदावर दोन रेघा निघाल्या. खालच्या पट्टीत बऱ्यापैकी सरळ चाललेल्या, आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेलेल्या. तो खड्डा पाहून डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'कारखान्यात काम केलंय का?' आम्ही म्हणालो, नाही, शिक्षक आहोत. मग विचारले, 'राहता कुठे?' मालेगाव म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. 'स', 'श', 'फ' असल्या वर्णांची ओळख याच उंच पट्टीत असते. स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून बोलणे ऐकू येते पण कळत नाही.

डॉक्टरांनी समजावले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. आतल्या कानात केसांसारखे टोक असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. त्या आवाजाला प्रतिसाद देतात आणि संदेश नसेतून मेंदूकडे जातो. मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मागावर ताण्याची तार तुटली की कापडात उभी रेघ दिसत राहते, तसे हे. फरक इतकाच की विणकर तुटलेली तार पुन्हा जोडतो. इथे जोडता येत नाही. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपल्याकडचा आवाज वाढवतो. दूरचे स्टेशन लागत नसले की आपण रेडिओ मोठा करतो आणि खरखरच मोठी होते, तसे. बहुतेक संशोधक आज असेच मानतात. पूर्वी काही रोग्यांची ऐकण्याची नस कापली गेली, तरीही त्यांतल्या अनेकांचा आवाज गेला नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघा अमेरिकनांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येते ते विचारले. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज सांगितला. म्हणजे पुरती शांतता बहुधा कुणाच्याच वाट्याला येत नाही. आमच्याकडे थोडी जास्त गर्दी आहे, एवढेच.

औषध? खात्रीचे औषध नाही. गोळ्या पुष्कळ विकल्या जातात, त्यांनी विकणाऱ्याचे भले होते. डॉक्टर म्हणाले, 'दुर्लक्ष करा.' हे वाक्य आम्हाला आजही आवडत नाही. सांगणाऱ्याच्या कानात काही वाजत नसते. आवाज मोजला तेव्हा तो आमच्या ऐकण्याच्या हद्दीच्या जेमतेम सात डेसिबल वर निघाला. इतक्याशा आवाजाने रात्र भरून जाते! त्रास आवाजाच्या मोठेपणात नसतो, मन त्याला धोका समजून पहारा देत बसते त्यात असतो. हे कळायला आम्हाला दोन वर्षे लागली. आम्ही हळूहळू शिकलो ते असे: पुरत्या शांततेत बसायचे नाही. थंडीतही पंखा चालू ठेवायचा. फोनवर पावसाचा आवाज बारीक लावायचा. आणि सकाळी उठल्यावर 'आज किती आहे' हे तपासायचे नाही. फजरच्या सजद्यात तो अजून ऐकू येतो. आधी चीड यायची. आता येतो तसा येऊ देतो. शाळेतले एक सहकारी म्हणाले, 'तुम्हाला तर अनाहत नाद फुकटात मिळाला.' आम्ही म्हणालो, 'घ्या अर्धा.'

इथे एक सांगून ठेवतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, चक्कर येत असेल किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले असेल, तर पंखा लावून झोपू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तो कागद घेऊन घरी आलो तेव्हा अब्बा ओट्यावर बसले होते. त्यांची चाळीस वर्षे मागावर गेली, बारा-बारा तासांची पाळी. त्यांना कमी ऐकू येते हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक. मोहल्ल्यात त्यांच्या वयाचे सगळेच मोठ्याने बोलतात. पाहुण्यांना वाटते भांडण चालले आहे. कारखान्यात तर बोलणे नसतेच, हातवारे आणि ओठ. आम्ही त्यांना ओरडून विचारले, 'अब्बा, आपके कान में सीटी बजती है क्या?'

ते म्हणाले, 'कान तो सबके बोलते हैं.'

आम्ही पुन्हा विचारले, 'कब से?'

'कब से क्या? आदमी के कान हैं, बोलेंगे नहीं?'

सगळ्यांचेच कान बोलतात, असे ते जन्मभर समजत आले. तक्रार कशाची करायची? त्यांच्या जोडीदारांचेही बोलत असणार, आणि तेही हेच समजत असणार. शुक्रवारी अब्बा चिडचिडे होतात हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. अम्मी म्हणायची, सुटीचा दिवस यांना मानवत नाही. माग थांबले की कान बोलू लागतात, आणि शनिवारी धोटा सुरू झाला की त्यात तो आवाज बुडून जातो. ज्या खटखटीने कान गेले, तीच त्यांचे औषधही होती.

आता 'आम्ही' शब्दाचा खुलासा झाला असेल.

कागदावर या गोष्टीची दखल आहे. १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्या रोगांची सरकारला खबर द्यायची त्यांच्या यादीत, गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचे नाव होते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेभोवतीच्या १०० मीटरमध्ये शांतता क्षेत्राची तरतूद केली, दिवसा ५० डेसिबलची मर्यादा घातली. आमच्या मोहल्ल्यात बहिरेपणाची कुणी नोंद केल्याचे ऐकिवात नाही. आणि शाळेच्या भिंतीला लागून माग आहेत, ज्या शेडांत आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. आम्ही मालकांविरुद्ध अर्ज करावा असे काही हितचिंतक सुचवतात. मालक म्हणजे चार माग घरात टाकलेला, कर्जात बुडालेला आमचाच चुलतभाऊ. त्याचे माग बंद पडले तर वर्गातली निम्मी पोरे शाळा सोडतील. आवाज कमी करता आला पाहिजे, माग नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे गावात कुणाला पटवून देणे फार अवघड जाते.

हेडमास्तरसाहेबांना आम्ही सगळे सांगितले. आता तोंडी परीक्षेला आमच्या शेजारी दुसऱ्या बाई बसतात, उच्चाराचे गुण त्या देतात. आम्ही यंत्र लावतो. 'स' परत आला आहे, जरा पत्र्यासारखा, पण आला. अब्बांनाही यंत्र घेतले. ते फक्त जुम्याच्या खुत्ब्याला लावतात. बाकी वेळी म्हणतात, 'इसमें बर्तन बहुत बजते हैं.'

नववीतला एक मुलगा पहिल्या तासाला झोपतो. रात्री तो माग चालवतो. त्याच्या वयाला रातपाळी कायद्याने मना आहे, हे आम्हालाही माहीत आहे, त्याच्या घरालाही. घरात कमावते दुसरे कुणी नाही. तासानंतर त्याला थांबवले, तर तो आपणहून म्हणाला, 'सर, यहाँ बैठते हैं तो कान में सीटी बजती है. दोपहर तक चली जाती है.' दुपारपर्यंत जाते, म्हणजे अजून वेळ आहे. एक दिवस ती जाणार नाही. आम्ही त्याला मेडिकलमधून फोमच्या बोळ्यांची जोडी आणून दिली. चिमटीत दाबून कानात कशी सोडायची ते दाखवले. कापसाने भागत नाही हेही सांगितले. दोन दिवसांनी त्याने त्या परत आणल्या. म्हणाला, तार तुटली की मागाचा आवाज बदलतो, त्यावरून कळते. बोळे घातले तर कळणार कसे? प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, आठ दिवस घालून बघ, कान नव्या आवाजाला सरावतात.

त्याने बोळे ठेवून घेतले. गेल्या महिन्यात येऊन आणखी चार जोड्या मागितल्या. कुणासाठी, विचारले. तीन रातपाळीवाल्यांसाठी.

'और एक अम्मी के लिए,' तो म्हणाला, 'वह दीवार के उस तरफ़ सोती हैं.'