आत्ताच चहा झाला

नवा करार हा माझा अभ्यासाचा विषय, आणि तीस वर्षं मी नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांचा पाळक होतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय मी सगळ्यांत जास्त वेळा शिकवला. कळला मात्र फार उशिरा.

भर दुपार. सूखार गावाजवळ याकोबाची विहीर. येशू दमून बसलाय, शिष्य अन्न विकत आणायला गावात गेलेत. पाण्याला आलेल्या शोमरोनी बाईकडे तो प्यायला पाणी मागतो. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा ‘भांडीकुंडी एकत्र वापरणं’ असाही अर्थ काही अभ्यासक घेतात. शिवाय त्याच्याजवळ पोहरा नव्हता. म्हणजे पाणी प्यायचं तर तिच्याच भांड्यातलं, तिच्याच हातचं. पुढे गावकऱ्यांच्या आग्रहावरून तो तिथं दोन दिवस राहिला. त्या दोन दिवसांत शिष्यही त्याच पंगतीला बसले असणार.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १८९५ मध्ये कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, तरी कितीतरी दिवस लक्ष्मीबाईंचं सोवळं आणि पाणी वेगळंच होतं. स्वतः बाप्तिस्मा घेण्याआधी त्यांना दुसऱ्याच्या हातच्या पाण्याचा प्रश्न सोडवावा लागला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा क्रम मला फार खरा वाटतो.

आमच्या मंडळ्यांत महार आणि मांग, दोन्ही समाजांतून आलेली घरं आहेत. ख्रिस्ती होऊन चार-पाच पिढ्या झाल्या. प्रभुभोजनाला भाकर एक, प्याला एक. सोयरीक मात्र ‘आपल्यातली’ बघूनच होते. लग्नाला जायचं, आहेर करायचा आणि पोट बरं नाही म्हणून पंगतीआधी निघायचं, हे मी पाहिलंय. पेत्रानंही अंत्युखियात असंच केलं होतं. आधी परराष्ट्रीयांबरोबर जेवला, यरुशलेमेहून माणसं आल्यावर मागे सरला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं.

मला सुनावणारं कुणी नव्हतं. माझं घराणं महार समाजातलं. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत. माझ्या पहिल्या मंडळीत चर्च झाडणाऱ्या मावशी मांग समाजातल्या. नाताळला मी त्यांना लुगडं पोचवलं, आजारपणात प्रार्थना केली, सगळं दारात उभं राहून. “बसा की, पाळकसाहेब,” त्या म्हणायच्या. मी म्हणायचो, “राहू द्या, आत्ताच चहा झाला.” ते खोटं नसायचं. वरच्या आळीत खरंच चहा झालेला असायचा. पण वरच्या आळीत दुसऱ्यांदा चहा घ्यायला मला कधी जड गेलं नाही.

देणं आम्हाला छान जमतं. कपडे, धान्य, वह्या. देताना आपला हात वर राहतो. विहिरीवर येशूनं आधी मागितलं, हे मी मुलांकडून पाठ करून घेतलं होतं.

एका रविवारी हाच धडा वाचून, भर उन्हात सायकलवरून मावशींकडे गेलो. म्हणालो, “मावशी, पाणी द्या.” त्या क्षणभर थबकल्या. मग चकचकीत तांब्या राखेनं पुन्हा घासला, भरून आणला आणि माझ्यासमोर उंबऱ्यावर ठेवला.

मी आत जाऊन भुईवर बसलो. “ठेवू नका, मावशी. हातात द्या.”

त्यांनी पदराला हात पुसले.