शाळा सुधारणा समिती : सीमाभागातील एका पालक-सदस्याचा अनुभव

कर्नाटकातील सरकारी प्राथमिक शाळेच्या कारभारात पालकांना अधिकृत स्थान देणारी यंत्रणा म्हणजे शाळा सुधारणा व देखरेख समिती. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात ती ‘एसडीएमसी’ याच नावाने ओळखली जाते. डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण कृतिदलाच्या शिफारशींनंतर एप्रिल २००१ मधील सरकारी आदेशाने या समित्या स्थापन झाल्या. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा समित्यांना देशभर कायद्याचे बळ दिले. या कायद्यानुसार समितीचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांसाठी असतात. कर्नाटकात अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. प्रस्तुत लेखकाने निपाणी तालुक्यातील एका मराठी शाळेच्या समितीवर पालक-सदस्य म्हणून काम केले आहे. पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

या भागातील मराठी शाळांचे प्रश्न समजण्यासाठी त्यांची पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा शाळा मंडळांकडे सोपवला होता. राज्य पुनर्रचनेनंतर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा राहिल्या. मात्र त्या एका भाषिक अल्पसंख्य समाजाच्या शाळा ठरल्या. १९५६ मध्येच सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५० (अ) हे कलम अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असल्यास मातृभाषेतून शिकवणारा शिक्षक द्यावा, असे सूत्र ठरवले होते. भाषेचा प्रश्न येथे रस्त्यावरही लढला गेला. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांना दरवर्षी १ जूनला हिंडलगा येथे अभिवादन केले जाते. शाळेची समिती मात्र हा लढा लढत नाही. हाती असलेली शाळा चालू राहावी, एवढेच तिचे काम असते.

समितीपुढचा पहिला प्रश्न कागदपत्रांचा असतो. परिपत्रके, अनुदानाची पत्रे आणि माहितीचे तक्ते कन्नडमध्ये येतात. शेतमजूर किंवा विडी कामगार असलेल्या पालकांना ते वाचता येत नाहीत. परिणामी मुख्याध्यापक तोंडी अर्थ सांगतात आणि सदस्य सह्या करतात. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरल्याप्रमाणे अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळायला हव्यात. प्रस्तुत लेखकाच्या समितीने दोन उपाय केले. प्रत्येक परिपत्रकाचा मराठी सारांश इतिवृत्तात नोंदवला जाऊ लागला आणि कन्नड उत्तम येणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला बैठकीस बोलावले जाऊ लागले. त्यानंतर पालक खर्चाबद्दल विचारू लागले आणि इमारत दुरुस्तीचा अर्ज समितीच्या नावाने कन्नडमध्येच गेला. मराठी शाळा टिकवण्यासाठीही कन्नड नीट येणे आवश्यक आहे, ही गोष्ट या कामातून पटते.

दुसरा आणि सर्वांत कठीण प्रश्न शिक्षकांचा. शिक्षण हक्क कायदा प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक सांगतो आणि मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, असेही बजावतो. प्रत्यक्षात मराठी शिक्षक निवृत्त झाला की ती जागा बराच काळ रिकामी राहते आणि काम मानधनावरील अतिथी शिक्षकावर भागवले जाते. त्याची नेमणूक शाळा सुरू झाल्यावर होत असल्याने सुरुवातीचे आठवडे दोन-तीन वर्ग एकत्र बसवून शिकवावे लागते. नेमणुकीचा अधिकार समितीकडे नसतो. ती गटशिक्षणाधिकारी आणि चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्याच्या उपसंचालकांकडे निवेदन देऊ शकते. निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असते. म्हणून निवेदन त्याआधीच, पटसंख्येच्या आकड्यांसह दिले तर पाठपुरावा सोपा जातो.

पटसंख्या हा तिसरा प्रश्न शिक्षकांच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. शिक्षक नसला की पालक मुलाला खासगी इंग्रजी शाळेत घालतात. पट घसरला की पद टिकवणे अवघड होते. इंग्रजीची ओढ खोटी नाही आणि माध्यम निवडण्याचा पालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात मान्य केला आहे. त्यामुळे मराठीच्या अभिमानाचे आवाहन पुरेसे ठरत नाही. घरोघरी फिरताना पालक तीन गोष्टी विचारतात : प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे का, इंग्रजी कधीपासून शिकवता, आणि पुढे मूल कुठे जाणार. शेवटच्या प्रश्नाला येथे ठोस उत्तर आहे. निपाणीला लागूनच, महाराष्ट्राच्या हद्दीत, अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय आहे. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात विवादित सीमाभागातील मराठी मातृभाषिक उमेदवारांसाठी स्वतंत्र तरतूदही आहे. ही माहिती अनेक पालकांपर्यंत पोचलेली नसते.

चौथा प्रश्न मातांच्या सहभागाचा. निपाणी हे तंबाखूचे गाव. अनेक आया घरी विड्या वळतात आणि त्यांची मजुरी वळलेल्या विड्यांवर ठरते. दुपारची बैठक म्हणजे त्यांच्यासाठी बुडालेली मजुरी. कागदावर निम्म्या महिला असूनही बैठकीत पुरुषच बोलतात, याचे एक कारण हे आहे. बैठक संध्याकाळी ठेवल्यावर आया येऊ लागल्या. मुलींचे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि माध्यान्ह आहाराचा दर्जा हे विषय त्यांनीच प्रथम मांडले.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो. तो उपचार म्हणून भरला जातो, तेव्हा शाळेच्या गरजा कोठेच नोंदल्या जात नाहीत. गळणारे छप्पर, येऊ घातलेली निवृत्ती आणि अपेक्षित पट त्यात स्पष्ट लिहिले, तर वर्षभराच्या प्रत्येक मागणीला आधार मिळतो. शिक्षकपदे, अनुदान आणि भाषाधोरण यांवर समितीची सत्ता चालत नाही, आणि या बाबतीत राज्याची जबाबदारी पालकांच्या कष्टांनी कमी होत नाही. नियमित बैठक, वाचून केलेली सही, वेळेवर दिलेले निवेदन आणि आयांचा आवाज या गोष्टी मात्र पूर्णपणे समितीच्या हाती आहेत. सीमाभागातील गरीब घरच्या मुलाला आपल्या भाषेत, घराजवळ आणि फीशिवाय मिळणारे शिक्षण याच शाळांवर अवलंबून असल्याने समितीचे सदस्यत्व ही पालकाने गांभीर्याने घ्यायची जबाबदारी आहे.