मिठासाठी रस्त्यावर आलेला मूस

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे कॅनडात टोरांटोला गेलो होतो. एका रविवारी त्याने आम्हाला तीन तासांच्या अंतरावरील अल्गॉनक्विन उद्यान दाखविले. १८९३ साली राखून ठेवलेले हे जंगल सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरचे आहे. जिकडे पाहावे तिकडे तळी आणि दाट झाडी.

तेथील महामार्ग क्र. ६० च्या कडेला, चरात पुढचे पाय फाकवून एक काळपट जनावर पाणी पीत होते. "घोडा की म्हैस?" पत्नीने विचारले. "आई, हा मूस. हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा," मुलगा म्हणाला. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी जवळजवळ दोन मीटर उंच असतो. वजन पाचशे किलोच्या आसपास भरते. त्याची पसरट शिंगे दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. 'मूस' हा शब्दही तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला आहे.

जवळ तळे असताना तो चरातले पाणी का पितो? मिठासाठी! हिवाळाभर काटक्या खाऊन त्याला मीठ पुरत नाही. बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ या चरात उतरते. पुढे तळ्यातल्या वनस्पती वाढल्या की त्यांतून ते मिळते. तोवर त्याला रस्त्याकडे यावे लागते.

आम्ही पाहिलेले पोर वर्षभराचे होते. नवे वासरू व्हायच्या वेळी आई मोठ्याला हाकलून देते. रस्ता, गाडी त्याला काय ठाऊक?

परतताना अंधार पडला. "रस्ता मोकळा आहे, जरा दामट," मी म्हणालो. मुलाने ऐकले नाही. "बाबा, मूसचे पाय लांब. दिव्यांचा उजेड अंगाखालून जातो, डोळे चमकत नाहीत. धडक बसली तर धड थेट काचेवर येते. तोही जातो, आपणही."

पुढच्याच वळणावर उजेडात चार लांब पाय दिसले. मुलाने गाडी थांबविली. मूस क्षणभर उभा राहिला आणि सावकाश झाडीत गेला.

विहारात आपण पंचशील म्हणतो. पहिले शील म्हणजे हात न उगारणे, एवढाच अर्थ मी आजवर धरला होता. आपल्या घाईनेही जीव जातो, हे मला त्या रात्री मुलाने शिकविले.